बाबा जहाजावर तेलवाले होते आणि आम्ही नागपूरला, वर्षश्राद्धाला त्यांच्याबद्दल काय सांगू?

खामला_चौक

नमस्कार मंडळी. बाबांना जाऊन आता वर्ष होईल. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे आणि आईची इच्छा अशी की नुसतं जेवण घालून मोकळं व्हायचं नाही, कॉलनीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलवायचं आणि बाबांबद्दल कोणीतरी नीट बोलायचं. कोणीतरी म्हणजे मी. लिहायला बसलो की दोन ओळींच्या पुढे जात नाही म्हणून इथे विचारून राहिलो.

थोडं सांगतो म्हणजे अंदाज येईल. बाबा मूळचे दाभोळचे, दापोली तालुका, घरचे सगळे मासेमारीवाले. १९६९ साली विशीत असताना जहाजावर लागले, इंजिनरूममध्ये, आधी आगवाला मग तेलवाला, म्हणजे इंजिनाचं तेलपाणी बघणारा, आणि शेवटी मोटरमन. आई नागपूरची, महालातली, महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. आईचे मामा मुंबईला पोर्ट ट्रस्टमध्ये होते त्यांनी हे लग्न जमवलं. आता आईची नोकरी पक्की आणि बाबा वर्षातले नऊ-दहा महिने पाण्यावर, तर तिने दाभोळला किंवा मुंबईला खोली घेऊन एकटीने राहायचं कशाला, म्हणून बाबाच इकडे आले. झिरो माईलच्या गावात, जिथून कुठल्याही बाजूला निघा समुद्र लागेपर्यंत रात्र गाडीत जाते.

इथे त्यांचं कोणी म्हणजे कोणीच नव्हतं. बोलणं वेगळं, जेवण वेगळं, मासा हवा तर रोहू नाहीतर कतला. पहिल्या सुट्ट्यांमध्ये लोक 'ते कोकणातले' एवढंच म्हणायचे. पुढे मात्र असं झालं की आमच्या घराचा पत्ता सांगायचा तर 'जहाजवाले काका' म्हटलं की रिक्षावाला आणून सोडायचा. सुट्टी उन्हाळ्यात आली की आमच्या अंगणात कूलरची रांग लागलेली असायची. नागपुरात मे महिना कूलरशिवाय निघत नाही हे सांगायला नको, आणि कोणाचा पंप जाम, कोणाच्या पंख्याचं बेअरिंग गेलेलं, कोणाला वाळ्याच्या ताट्या बदलायच्या. पैसे घ्यायचे नाहीत, पण समोरच्याला बसवून घ्यायचे, चहा व्हायचा आणि मग त्याचं गाव, शेती, पोरांची लग्नं, सगळं बाहेर यायचं. मोटरीवर उलटा तळहात ठेवून सांगायचे की ही एवढा सीझन काढेल, पुढचा नाही. तान्ह्या पोळ्याला गल्लीतल्या पोरांच्या लाकडी बैलांना खऱ्या बेअरिंगची चाकं बसवून द्यायचे, आमच्या गल्लीचे बैल सगळ्यात सुसाट पळायचे. नारळी पौर्णिमेला घरी असले तर नारळीभात आख्ख्या लाइनीत. जहाजावर परत जायची वेळ फेब्रुवारी-मार्चची असली तर मृग बहाराच्या संत्र्यांची पेटी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये सोबत न्यायचे, मुंबईला शिपिंग ऑफिसपासून सुरू करून वाटत वाटत जहाजापर्यंत.

आता अडचण. जो भेटतो तो म्हणतो 'फार बोलके होते, फार माणसं जोडली'. खरंच आहे. पण ज्या कामात माणसाची पस्तीसेक वर्षं गेली त्याबद्दल आमच्या हातात काहीच नाही. किस्से सांगायचे ते सगळे दुसऱ्यांचे. गोव्याचा स्टीवर्ड कसा गायचा, मिनिकॉयचा सुकाणी ढग पाहून काय ओळखायचा, लिव्हरपूलच्या गोदीत कोण म्हातारा यांना मफलर देऊन गेला. स्वतः चोवीस तासांत नेमकं काय करायचे ते त्यात नसायचं. कपाटात सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदींची, तीन जुनी पुस्तकं आहेत, काही पानं ओलीने खराब झालीत, एका जहाजाचं नाव 'विश्व' पर्यंत वाचता येतं पुढे शाई पसरली आहे.

तर दोन गोष्टी विचारायच्या. एक, या पुस्तकांवरून कोणत्या जहाजावर होते काय करायचे हे किती शोधता येतं? दुसरं, असं बोलायचं तर सुरुवात कुठून करू? हॉलमध्ये बसलेल्या ऐंशी टक्के लोकांनी जहाज फक्त टीव्हीवर पाहिलंय.

रिटायर्ड_सेकंड_इंजिनिअर

खामला_चौक, आधी तुमच्या बाबांना माझा नमस्कार. मी मनीषनगरला राहतो, मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो, म्हणजे त्यांच्याच इंजिनरूममध्ये, फक्त खांद्यावर पट्ट्या होत्या. नवीन पोरगा म्हणून गेलो तेव्हा पुस्तकात नसलेलं सगळं मला तेलवाल्यांनी शिकवलं त्यामुळे हे लिहिणं मला माझं कामच वाटतं.

सीडीसी नीट बघा, त्यात खूप असतं. प्रत्येक ओळीत जहाजाचं नाव, त्याचा नंबर, रजिस्ट्रीचं बंदर, कुठे आणि कोणत्या तारखेला चढले, कुठे उतरले, हुद्दा काय, आणि शेवटी काम आणि वागणूक याचा शेरा. 'व्हेरी गुड'चा शिक्का असेल तर तो वरच्या ऑफिसरने बघून मारलेला असतो, पुढची नोकरी त्याच्यावर असायची. नाव 'विश्व'ने सुरू होतं म्हणजे बहुतेक शिपिंग कॉर्पोरेशनचं जहाज, त्यांच्या मालवाहू जहाजांना अशी नावं असायची. ही सरकारी कंपनी २ ऑक्टोबर १९६१ ला दोन कंपन्या एक करून झाली. 'जल'ने सुरू होणारं असेल तर सिंदियाचं. सिंदिया म्हणजे वालचंद हिराचंद यांची, आपले सोलापूरचे, १९१९ मध्ये ५ एप्रिलला यांचं 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं म्हणून त्या तारखेला राष्ट्रीय सागरी दिन असतो. हे हॉलमध्ये सांगा, लोकांना माहीत नसतं.

नाव पुसलं असेल तर नंबर बघा. नाव विकल्यावर बदलतं पण आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख नंबर, जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो, ही पद्धत १९८७ ला आली. त्याआधीच्या जहाजांना रजिस्ट्रीचा ऑफिशियल नंबर असायचा. नंबर हातात आला की नेटवर जहाजाचा फोटो, कुठे बांधलं, कधी मोडलं, पुष्कळ वेळा सगळं मिळतं. त्या काळातली कितीतरी आपली जहाजं शेवटी गुजरातला अलंगच्या किनाऱ्यावर गेली. आणि पहिल्या पुस्तकात रजिस्ट्रीचं बंदर लंडन, ग्लासगो असं काही दिसलं तर कॅनडात न्यूफाउंडलंडला मेमोरिअल युनिव्हर्सिटीत मेरिटाइम हिस्ट्री अर्काइव्ह आहे, ब्रिटिश जहाजांचे क्रूचे करारनामे तिथे ठेवलेत, १९७६ पर्यंतचे बरेच आहेत, त्यांना लिहून विचारता येतं. मुंबईत बॅलार्ड इस्टेटला नौ भवनात शिपिंग मास्तरचं, म्हणजे खलाशांच्या नोंदी ठेवणारं सरकारी ऑफिस आहे आणि खलाशांच्या प्रॉव्हिडंट फंडाचं ऑफिसही त्याच भागात. आईंचं काही येणं बाकी आहे का तेही एकदा विचारून घ्या. वेल्फेअर फंड म्हणून वेगळी सोसायटी आहे, ती वयस्क खलाशांना आणि त्यांच्या विधवांना मदत करते.

आता काम. चार तास वॉच म्हणजे कामाची पाळी, आठ तास सुट्टी, परत चार तास, असं रोज, रविवार नाही दिवाळी नाही. चार ते आठची वॉच असेल तर पहाटे चारला खाली आणि परत दुपारी चारला खाली. इंजिन तीन-चार मजली उंच, लोखंडी जिने, पंचेचाळीस डिग्री, लाल समुद्रात त्याहून जास्त. तेलवाला फिरत राहायचा, तेलाच्या पातळ्या, पंप, गेज, आणि बेअरिंगला हात लावून गरम किती आहे ते बघायचं. उलट्या हाताने. तळहात कामाने निबर झालेला असतो, मागची कातडी पातळ असते, तिला गरमी लवकर कळते. तुम्ही कूलरचं लिहिलंय ते वाचून मी उठून बसलो, ती तेलवाल्याची सवय आहे. मुख्य बेअरिंग गेलं तर मधल्या समुद्रात जहाज थांबतं, आणि वादळात थांबलेलं जहाज म्हणजे काय ते मी इथे लिहीत नाही. त्या माणसाच्या हातावर वर तीस-चाळीस लोक निवांत झोपलेले असायचे.

आणि एक विचारू का? बाबा मोठ्याने बोलायचे का? समोरच्याचा खांदा धरून, तोंडाकडे बघत? आवाज शंभर डेसिबलच्या वर असायचा आणि आमच्या सुरुवातीच्या काळात कानाला लावायला कापूस. बहुतेक सगळ्यांचे कान जायचे. खाली चार तास बोलताच येत नाही, हाताच्या खुणा फक्त. म्हणून वर आल्यावर माणूस बोलत सुटायचा. त्यात दर वेळी जहाज नवीन, लोक नवीन, कोणी रत्नागिरीचा, कोणी गोव्याचा, कोणी कच्छचा, आणि यांच्याबरोबर दहा महिने काढायचे. पहिल्या आठवड्यात ओळख काढली नाही तर तो माणूस आतून खचतो, मी असे खचलेले पाहिलेत आणि त्यांना घरी पाठवायची कागदपत्रं केलीत. तुम्ही म्हणता कामाबद्दल काही नाही, मला तर वाटतं तुमचे बाबा नागपुरात जे करत होते ते जहाजावरचंच होतं. नवीन ठिकाणी उतरायचं आणि माणसं आपली करायची, याची त्यांना पस्तीस वर्षं प्रॅक्टिस होती.

हर्णैची_लेक

माझे वडील पण जहाजावर होते, सलूनला म्हणजे ऑफिसरांच्या जेवणाच्या खोलीत, आणि मी लग्न होऊन धरमपेठेत आले त्यामुळे तुमची पोस्ट दोनदा वाचली.

वरच्या काकांनी फार छान सांगितलं पण मला एक वाटतं भाऊ, नंबर आणि तारखा शोधा जरूर, पण हॉलमध्ये वाचू नका. लोक पाच मिनिटांत चुळबुळ करतील. त्या तारखांच्या या बाजूला काय चाललं होतं ते सांगा, आणि ते फक्त तुमच्या आईला माहितीये. आमच्याकडे अलॉटमेंट यायची, म्हणजे जहाजावर चढताना सही करायची की पगारातला इतका भाग दर महिन्याला घरी, आणि त्यावर आई घर चालवायची. दहा महिने आई एकटीच बाई आणि पुरुष दोन्ही. पत्र जायचं ते कंपनीच्या एजंटच्या पत्त्यावर, पुढच्या बंदरात जहाज लागलं तर मिळणार, जहाज वळवलं तर पत्र मागे राहणार, कधी चार पत्रं एकदम यायची तीही उलट्या क्रमाने. ऐंशीच्या दशकात इराण-इराक युद्धात आखातात तेलाच्या जहाजांवर हल्ले व्हायचे तेव्हा बाबा तिकडे होते, आई रेडिओ लावून बसायची आणि आम्हाला आवाज करू द्यायची नाही. वडील आल्यावर सगळी आळी जमायची, सेंट, साबण, कॅसेट, आणि आई स्वयंपाकघरात. त्यांनी माणसं जोडली खरी, पण आलेल्या माणसाला दहा-दहा कप चहा कोणी केला?

तुमच्या आई नोकरी सांभाळून हे करत होत्या. नागपुरात तर आजूबाजूला दुसरं एकही जहाजावाल्याचं घर नसेल. आमच्या हर्णैला निदान दर दोन घरांआड एक बाई अशीच वाट बघणारी होती, त्या एकमेकींची पत्रं वाचून घ्यायच्या. तुमच्या आईला ते पण नव्हतं. त्यांना बोलायला सांगा, तुम्ही बाजूला उभे राहा.

इतवारी_वाला

भाऊ मी जहाजाचं काही जाणत नाही पण बाप दुसऱ्या मुलखातून येऊन नागपूरचा होऊन गेला हे मले चांगलं माहीत आहे. माहा बाप छत्तीसगडकडून आला, एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर. टाटाची मिल ती, १८७७ ची. त्याचे पण कान गेले होते अन् तो पण जोरात बोले, आम्ही लहानपणी समजत होतो का बाबा रागात आहे. आज हे कानाचं वाचून मले माह्या बापाची लय आठवण आली. आमच्या लाइनीत सगळे मिलवाले तसेच, संध्याकाळी चौकात बसले का आवाज दुसऱ्या गल्लीत जाये.

त्याच्या तेरवीनंतर आम्ही असाच कार्यक्रम केला होता तर दोन गोष्टी सांगतो. माईक सगळ्याईले मोकळा देऊ नका. आमच्याकडे एका पुढाऱ्यानं पाऊण तास घेतला अन् त्याले बापाचं नाव पण बरोबर माहीत नव्हतं. त्यापेक्षा आधीच चार-पाच जणाईले सांगून ठेवा, ज्याचा कूलर दुरुस्त केला तो एक, ज्याच्या बैलाले चाकं लावून दिले तो एक, तो आता चाळिशीचा असन. प्रत्येकानं एकच किस्सा. मग जहाजाचं तुम्ही सांगा. लोकाईले आधी आपला ओळखीचा माणूस दिसला पाहिजे, मग ते त्याच्या मागे इंजिनात पण उतरतीन.

अन् ताईंचं मी मानतो, आईचं पाहिजेच. पण तारखा वाचू नका हे मले नाही पटलं. माह्या बापाचं मिलचं कार्ड आम्ही फ्रेम करून टेबलावर ठेवलं होतं, तिकीट नंबर, खातं, भरती कधी झाला. लोकं येऊन येऊन तेच पाहत होते. गरीब माणसाचं कागदावर नाव असते तर ते दाखवा.

हर्णैची_लेक

@इतवारी_वाला हो, टेबलावर ठेवायला माझी ना नाही, वाचून दाखवू नका एवढंच म्हणत होते. फ्रेमची कल्पना आवडली.

खामला_चौक

सगळ्यांचे खूप आभार, हे वाचून चार दिवस मी आणि आई संध्याकाळी तेच करून राहिलो.

इंजिनिअर काका, कानाचं आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली अगदी बरोबर, रिटायर व्हायच्या आधीच डॉक्टरांनी दोन्ही कान कमी झालेत म्हणून सांगितलं होतं, मशीन घ्यायला ते तयार नव्हते. खांदा धरून बोलायचे हो. आम्हाला तो त्यांचा स्वभाव वाटायचा, आणि तो स्वभाव होताच, पण त्याच्या खाली हे पण होतं. माझी बहीण ते ऐकून बराच वेळ काही बोललीच नाही.

ताई, आईकडे एक पत्र्याचा डबा निघाला. अलॉटमेंटच्या स्लिपा, एअरमेलची निळी पत्रं, काहींवर बंदराचे शिक्के आहेत. पत्रात बाबा कामाबद्दल लिहायचे! आम्हाला सांगायचे नाहीत ते तिला लिहायचे. सुवेझ बंद होता तेव्हाचं तिनं सांगितलं, १९६७ पासून १९७५ पर्यंत कालवा बंद, सगळी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, आणि भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार १९४६ पासूनच तोडलेला त्यामुळे केप टाउनचा तो सपाट डोंगर लांबून दिसायचा पण तिथे लागायचं नाही. एका पत्रात लिहिलंय की वॉच संपवून वर आलो तेव्हा डोंगर दिसला, खालच्या लोकांना बोलवायला परत जिने उतरून गेलो. चार मजले उतरून, लोकांनी बघावा म्हणून. हे मी नक्की सांगणार.

'विश्व'वाल्या जहाजाचं नाव दुसऱ्या पुस्तकात स्वच्छ आहे, त्याच जहाजावर ते परत गेले होते. फोटो मिळाला, मोठा करून लावतो. इतवारी भाऊ, सीडीसीचं पहिलं पान फ्रेमला दिलं आणि पाच जण ठरवले, बैलवाला पोरगा आता बँकेत आहे, तो लगेच हो म्हणाला.

एकच अडलंय. १९८१ मध्ये एक ओळ आहे, मार्च संपता संपता मार्मागोव्याला उतरले, करार पूर्ण व्हायला अजून तीन महिने होते. शेऱ्यात 'बाय म्युच्युअल कन्सेंट' लिहिलंय. काम आणि वागणूक दोन्हीला व्हेरी गुड आहे. हे काय असतं? काही वाईट आहे का?

रिटायर्ड_सेकंड_इंजिनिअर

अजिबात वाईट नाही. कॅप्टन आणि खलाशी दोघांच्या संमतीने करार आधी संपवला, एवढाच अर्थ. आजारी पडले असते तर मेडिकलचं काहीतरी लिहिलं असतं, भांडण असतं तर शेरा असा चांगला राहिला नसता. घरचं काही महत्त्वाचं कारण असलं की माणूस कॅप्टनकडे जाऊन विनंती करायचा. पण हे सोपं नसायचं, उरलेल्या महिन्यांचा पगार गेला, बहुतेक वेळा घरी जायचा खर्च आपला, आणि पुढचा नंबर लागायला शिपिंग ऑफिसात परत रांगेत. तेलवाल्याच्या पगारात तीन महिने म्हणजे मोठी गोष्ट. मार्मागोव्याला लोखंडाचं खनिज भरायला जहाजं लागायची, तिथून भारतात उतरणं सोयीचं पडलं असेल. आईंना तारीख दाखवा, त्यांना आठवेल.

खामला_चौक

दाखवली. तिला एका सेकंदात आठवलं. १९८१ च्या एप्रिलमध्ये तिची बीएची शेवटच्या वर्षाची परीक्षा होती, बाहेरून देऊन राहिली होती, प्रमोशनसाठी लागत होती. मी चार वर्षांचा आणि बहीण तान्ही, आजी आजारी, तर आईने पत्रात लिहिलं होतं की या वर्षी राहू देते, पुढच्या वर्षी पाहू. त्याला उत्तर आलंच नाही. एक दिवस सकाळी बाबा पेटी घेऊन दारात. महिनाभर आम्हाला त्यांनी सांभाळलं, स्वयंपाक केला, परीक्षेच्या सेंटरवर सायकलने सोडायला जायचे आणि तीन तास बाहेर झाडाखाली थांबायचे, आणि पेपर संपेपर्यंत तिथल्या सगळ्या बायकांच्या नवऱ्यांशी यांची ओळख झालेली असायची. त्यातले दोघं पुढे आमच्याकडे कूलर घेऊन यायचे म्हणे.

आम्हा भावंडांना यातलं काहीच माहीत नव्हतं, पगार सोडून आले हे तर आईला पण आता तुमच्यामुळे कळलं. तिला बाबांनी सांगितलं होतं की जहाज दुरुस्तीला गेलं म्हणून सुट्टी दिली.

कार्यक्रम महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सहाला ठेवलाय, काका तुम्ही मनीषनगरहून नक्की या, इंजिनाचं तुम्हीच सांगा, मी फोटोवर बोट ठेवून दाखवीन. ताई आणि इतवारी भाऊ तुम्ही पण या, पत्ता मेसेज करतो. जेवण साधं आहे, नारळीभात आई करणार आहे. परीक्षेचं मी सांगायचं नाही, ते तीच सांगणार असं तिने बजावून ठेवलंय.